डाग नेलपॉलिशचा नव्हता

लाकडावर नेलपॉलिश सांडलं तर एक काम करा. टिश्यूनं वरच्यावर जेवढं टिपून घेता येईल तेवढं घ्या, रिमूव्हरची बाटली घरातल्या कुणाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवून द्या आणि चहा टाका. बाकी काही करू नका. हे माझं ठाम मत आहे आणि ते बाबांच्या टेबलाची वाट लावून मिळवलेलं आहे.

तर झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत ताई नाशिकहून माहेरपणाला आली होती. बरोबर चिऊ. म्हणजे माझी भाची, वय वर्षं सहा. शनिवारची दुपार होती. आई आणि ताई लक्ष्मी रोडला गेलेल्या, बाबा आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेले आणि चिऊवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. मी लक्ष ठेवत होतो, म्हणजे सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि चिऊ बराच वेळ शांत आहे याचा मला आनंद होत होता. लहान मूल शांत असणं ही आनंदाची गोष्ट नसते हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

"मामा..." असा अगदी बारीक आवाज आला. जाऊन बघतो तर ताईच्या पर्समधली लाल नेलपॉलिशची बाटली आडवी आणि बाबांच्या टेबलावर रुपयाच्या नाण्याएवढं लालभडक थारोळं.

आता हे टेबल म्हणजे काय ते सांगायला हवं. १९८६ साली बाबांची सांगलीला बदली झालेली असताना त्यांनी ते करून घेतलं होतं. जुना वाडा पाडताना निघालेल्या तुळईचं सागवान. त्यावर ते अजूनही रोज सकाळी घरखर्चाची वही लिहितात. माझी दहावी, बारावी, इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या रात्री, सगळं याच टेबलावर झालं. या टेबलावर चहाचा कप ठेवायचा तर खाली घडी घातलेला पेपर लागतो. पाहुण्यांनासुद्धा. एकदा आमच्या कुणा लांबच्या आत्याबाईंनी गरम कप थेट ठेवला आणि पांढरी गोल खूण उमटली, तर बाबा त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत, पण त्या गेल्यावर आठवडाभर ती खूण पुसत होते.

"आजोबा रागावतील?" चिऊ.

"आजोबा उठायच्या आत काढून टाकू. कुणाला कळणारसुद्धा नाही." हे मी म्हणालो. सगळ्या घोटाळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

ताईच्याच पर्समध्ये रिमूव्हर होतं. त्यावर 'ॲसिटोन-फ्री' असं छापलेलं. अरे वा, म्हणजे सौम्य असणार! कापसाचा बोळा भिजवला आणि चोळायला सुरुवात केली. आधी लाल डाग पसरून बशीएवढा झाला. मग लालाचा गुलाबी झाला. मला हुरूप आला. अजून रिमूव्हर, अजून जोर. मग एक गंमत झाली. कापूस लाल व्हायचा थांबला आणि तपकिरी व्हायला लागला. तिथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती, कारण नेलपॉलिश लाल होतं आणि तपकिरी रंग टेबलाचा होता. पण मी म्हटलं, चला, लाल रंग तर गेला. शेवटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून घेतलं. पाच मिनिटांत तिथे तळहाताएवढा पांढुरका, खडबडीत, निस्तेज चट्टा तयार झाला होता.

बाबा उठले, बाहेर आले, टेबलापाशी थबकले. चिऊकडे बघून शांतपणे म्हणाले, "काय सांडलंत चिऊताई इथे?"

"नेलपॉलिश," चिऊ म्हणाली आणि रडायला लागली.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा, लहान आहे, होतं असं."

हे वाक्य आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. असो. त्याच्याकडे परत येऊच.

आधी नेमकं काय बिघडलं ते सांगतो, कारण ते मला नंतर वाचून आणि विचारून कळलं आणि कळल्यावर फारच लाजिरवाणं वाटलं. अकरावीच्या केमिस्ट्रीत बसेल एवढंच ते आहे. नेलपॉलिशमधला मुख्य पदार्थ असतो नायट्रोसेल्युलोज. तो इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा चटकन उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. नखावर लावलं की द्रावक उडून जातं आणि मागे पातळ, चकचकीत पापुद्रा उरतो. वाळताना तिथे रासायनिक बदल असा काही होत नाही. त्यामुळे त्याच जातीचं द्रावक पुन्हा लावलं की पापुद्रा परत विरघळतो. रिमूव्हर चालतं ते एवढ्याचमुळे.

मेख अशी आहे की बऱ्याच फर्निचरचं पॉलिशसुद्धा अगदी असंच वाळतं. आपल्याकडे ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडून जातं, लाख उरते. आणि स्प्रेनं मारतात ते लॅकर? त्याच्या सगळ्यात प्रचलित प्रकारात तर चक्क नायट्रोसेल्युलोजच असतं! म्हणजे लॅकर मारलेलं कपाट हे एका अर्थानं नेलपॉलिश लावलेलं कपाट आहे. आता त्यावर तुम्ही रिमूव्हर ओतलंत तर त्या बिचाऱ्या रिमूव्हरनं कसं ओळखायचं, की कुठलं पॉलिश काढायचं आणि कुठलं ठेवायचं?

(थोडं विषयांतर. हे नायट्रोसेल्युलोज म्हणजे मोठं उचापती घराणं आहे. १८४६ च्या सुमारास ते स्फोटक कापूस म्हणून गाजलं, मग त्याच्यापासून सिनेमाची फिल्म झाली, १९२० च्या दशकात मोटारींचे झटपट वाळणारे रंग झाले. आपले सुतार आजही स्प्रेच्या रंगाला 'ड्युको' म्हणतात ना, ते त्या काळच्या अमेरिकन मोटारीच्या रंगाचं नाव. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट जळाले, तेही याच पदार्थाच्या फिल्मवरचे. नखावरचं त्याचं रूप सगळ्यात निरुपद्रवी, पण नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही भुर्रकन पेट घेतात. तेव्हा देवघरात समई लावलेली असताना शेजारी बसून हे उद्योग करू नयेत.)

आणि ते 'ॲसिटोन-फ्री' प्रकरण. ॲसिटोन नाही म्हणजे द्रावक नाही असं थोडंच आहे? त्याच्या जागी बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, बऱ्याचदा अल्कोहोल आणि थोडं पाणीही असतं. नखांना ते जरा कमी कोरडं करत असेल. पण लाखेचा खरा शत्रू ॲसिटोन नव्हेच, अल्कोहोल आहे. म्हणजे मी सौम्य म्हणून नेमकं तेच निवडलं होतं जे बाबांच्या टेबलाला सगळ्यात वाईट. वर ओल्या फडक्यानं पाणीही पाजलं. मऊ पडलेल्या लाखेत पाणी शिरलं की ती पांढरी पडते. ऑफिसात आम्ही टेस्टिंग न करता प्रॉडक्शनवर काही टाकत नाही, टाकलंच तर मागे जायची सोय ठेवतो. घरी मात्र थेट टेबलाच्या मधोमध!

सोमवारी बाबांनी पॉलिशवाल्या काकांना बोलावलं. कसब्यातले, सत्तरीच्या आसपासचे, बोटं कायमची तपकिरी झालेली. त्यांनी चट्ट्यावर तिरका उजेड पडेल असं वाकून पाहिलं, नखानं कड चाचपली आणि बाबांकडे वळून म्हणाले, "साहेब, हे नेलपॉलिशनं नाही झालेलं. नेलपॉलिश वर बसून राहतं. कुणीतरी रिमूव्हर घालून चोळलंय. मोठ्या माणसाचा हात आहे, पोराचा एवढा जोर नसतो."

मी तिथेच उभा होतो, वर्क फ्रॉम होम. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"इंजिनिअर ना रे तू?" एवढंच म्हणाले आणि काकांसाठी चहा सांगायला आत गेले.

काका कामाला लागले तसा मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. एक तर अपराधी वाटत होतं आणि दुसरं म्हणजे खरंच बघण्यासारखं होतं. त्यांनी आदल्या रात्रीच बाटलीत चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घातला होता. आधी कापसाच्या बोळ्यावर मलमलचा तुकडा गुंडाळून त्याला अगदी नावाला स्पिरिट लावलं आणि पांढऱ्या चट्ट्यावरून वाऱ्यासारखं फिरवलं. न थांबता, न दाबता. पांढुरकेपणा डोळ्यांदेखत निम्मा झाला. आतलं अडकलेलं पाणी स्पिरिटबरोबर बाहेर निघतं म्हणे. मग बारीक काचपेपर लाकडाच्या रेषेत, मग चपड्याचे हात. एक हात, थोडा वेळ थांबायचं, परत एक हात. बोळा चिकटू नये म्हणून मध्येच तेलाचा एक थेंब. मी विचारलं किती हात देणार, तर म्हणाले, "टेबल सांगेल तेवढे."

मधल्या वेळात मी त्यांना प्रश्न विचारून भंडावलं. नेलपॉलिश सांडल्या सांडल्या मला बोलावलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्यांचं उत्तर ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. "काय नाही. वाळू दिलं असतं."

म्हणजे असं. ओलं असताना पुसलं की ते पसरतं आणि जितकं पसरेल तितकं जास्त पॉलिश मऊ करतं. म्हणून पुसायचं नाही, टिपायचं. टिश्यूची कड नुसती टेकवायची आणि उचलायची, दर वेळी नवी. वरचं थारोळं गेलं की हात बांधून बसायचं. चांगलं एक रात्रभर, जाड असेल तर अजून एक दिवस. नेलपॉलिश पुरतं कडक झालं की जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्यायचं, ते जवळजवळ आडवं धरायचं आणि कडेपासून हळूहळू खरवडायचं. सुरी नको, ब्लेड नको. नशीब चांगलं असेल तर पापुद्र्यासारखा तुकडा निघून येतो. राहिलेल्या रंगासाठी अगदी बारीक वॉटर पेपर, हजार नंबरच्या पुढचा, थोडं तेल लावून, लाकडाच्या रेषेत चार-सहा हलके हात. मग मेणाचं पॉलिश. तिथली चमक थोडी कमी होईल, पण तिरका उजेड पडल्याशिवाय दिसणार नाही. आणि नाहीच निघालं पूर्ण, तर आता पॉलिशवाल्याला बोलवा. त्याचं काम निम्म्यानं कमी झालेलं असतं.

अर्थात टेबलावर काय पॉलिश आहे हे आधी माहीत हवं. ते ओळखायची काकांची पद्धत सोपी आहे. टेबलाच्या खालच्या अंगाला किंवा पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही, तिथे कान साफ करायच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब लावायचा. मिनिटभरात चिकट झालं तर लाख. नाही झालं तर शेजारी थिनरचा थेंब. त्यानं चिकट झालं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर पीयू किंवा मेलामाइन. ही दोन्ही वाळताना रासायनिकरीत्या घट्ट बांधली जातात, त्यामुळे सहजासहजी विरघळत नाहीत. त्यांच्यावरचं नेलपॉलिश बहुतेक वेळा कार्डानंच निघतं आणि अगदी गरज पडली तर रिमूव्हरचा ओझरता हात चालून जातो, पण तोसुद्धा आधी खालच्या बाजूला लावून बघितल्यावरच. आणि सनमायका असेल तर तुम्ही सुटलात, तिथे पॉलिशचा थर नसतोच.

आता इंटरनेटवरच्या घरगुती उपायांबद्दल. त्या रात्री मी ते सगळे वाचून काढले (चोळून झाल्यावर! आधी वाचावं असं डोक्यात आलं नाही). टूथपेस्ट लावा, हेअर स्प्रे मारा, सॅनिटायझर लावा, रबिंग अल्कोहोल लावा. लाकूड कुठलं, पॉलिश कुठलं, हे जवळजवळ कुणी विचारतच नाही. अहो, हेअर स्प्रेत आणि सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच असतं. २०२० नंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आणि त्यांच्या बुडाखाली लाखेच्या टेबलांवर पांढऱ्या चकत्या उमटल्या, हे काकांनी मला मोजून सांगितलं असतं. टूथपेस्ट म्हणजे गोडीगुलाबीनं वागणारा काचपेपर. ती नेलपॉलिशही घासते आणि पॉलिशही. या उपायांतून कुणाचा डाग गेला असेल तर त्याचं टेबल पीयूचं होतं, एवढंच त्यातून कळतं.

मग कुणी म्हणेल, सगळीकडे पीयूच करून टाका ना. आमच्या पिढीनं तेच केलंय. माझ्या मित्रांचे जे नवे फ्लॅट झालेत त्यांत एक तर लॅमिनेट आहे नाहीतर पीयू. पाणी, चहा, नेलपॉलिश, कशाचं काही होत नाही. मलाही आधी वाटायचं की लाख म्हणजे मागासलेली गोष्ट. पलास, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांनी तयार केलेला पदार्थ तो, झारखंडातून येणारा. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली त्याच्या अभ्यासासाठी संस्था निघाली इतका एके काळी त्याला मान होता. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या त्याच्याच. आणि पेट किती पटकन घेतो ते सांगायला तर आपल्याकडे लाक्षागृहाची गोष्ट आहेच. उष्णता सोसत नाही, पाणी सोसत नाही, अल्कोहोल तर अजिबात नाही.

पण त्या सोमवारी काकांचा हात बघताना माझं मत बदललं. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. जोड दिसत नाही, कारण जोड नसतोच. जेवढं बिघडलं तेवढंच दुरुस्त करता येतं. पीयूचं तसं नाही. त्याला काही होत नाही हे खरं, पण एकदा झालं, खोल ओरखडा किंवा जळका डाग, की नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो आणि कड दिसत राहते. मग बरेचदा अख्खा पृष्ठभाग तासून पुन्हा करावा लागतो. चाळीस वर्षं वापरायची वस्तू असेल तर तिच्यावर डाग पडणारच हे धरून चालावं आणि दुरुस्त होईल असं पॉलिश निवडावं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली मारा खुशाल पीयू, तिथे रोज पाणी सांडतं. पण लिहायच्या टेबलाला, आजीच्या पेटीला, देव्हाऱ्याला लाखच बरी. अडचण एकच, ती लावणारे हात कमी होत चालले आहेत. काकांची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत. "बरं केलं," असं ते स्वतःच म्हणाले, त्यावर मी काय बोलणार.

संध्याकाळी काम झालं. काकांनी तीनशे रुपये आणि दोन कप चहा घेतला. दोन्ही कप त्यांनी जमिनीवर ठेवून प्यायले, टेबलावर नाही. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बराच निवळला.

ताई आणि चिऊ रविवारीच परत गेल्या होत्या. जाताना चिऊ आजोबांना दोनदा सॉरी म्हणाली होती आणि मी शेजारी उभं राहून तिची बॅग धरली होती. सोमवारी रात्री मी नाशिकला फोन लावला. ताईला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. "तू तिला तेव्हाच का नाही बोललास? ती गाडीत पण विचारत होती, आजोबा आता मला बोलावतील का म्हणून." माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो तरी बाबांना घाबरतो, आणि सहा वर्षांची पोर आयती पुढे उभी होती.

मग चिऊ फोनवर आली. मी म्हटलं, "चिऊ, ऐक. तुझ्याकडून फक्त एवढंसं सांडलं होतं, ते काढता आलं असतं. मोठा डाग मी पाडला. चोळून. आजोबांना आता माहितीये."

"मला पण माहितीये," ती म्हणाली. "मी बघत होते ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालास ना, कुणाला कळणार नाही म्हणून."

टेबल आता ठीक आहे. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन तिरकं येतं तेव्हा त्या जागी थोडी जास्त चमक दिसते, नवी लाख अजून जुन्याएवढी मुरलेली नाही. बाबा बरोबर तिथेच वही ठेवतात. दिवाळीत चिऊ येणार आहे. आईनं तिच्यासाठी सोलून निघणारं पाण्याचं नेलपॉलिश आणून ठेवलंय आणि बाबांनी टेबलावर घालायला जुन्या पेपरांचा गठ्ठा.